वाचकांचे प्रश्न : खाजेचा निरोप नेतो कोण?

त्वचेच्या कोरडेपणावरील आमच्या मागील लेखात मज्जातंतूंचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच होती : गोळी घेतली तरी खाज थांबत नाही. तक्रार रास्त आहे आणि तिचे उत्तर त्वचेपेक्षा मज्जासंस्थेत अधिक सापडते. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मला दोन वर्षांपासून कोपरांच्या खोबणीत आणि गुडघ्यांच्या मागे इसब आहे. माझ्या बहिणीच्या अंगावर अधूनमधून पित्ताच्या गांधी उठतात आणि सेटिरिझिनच्या एका गोळीने तिला थोड्याच वेळात आराम पडतो. मी तीच गोळी महिनोन् महिने घेत आहे. सुस्ती येते, खाज मात्र जात नाही. दोष गोळीत आहे की माझ्या शरीरात?

उत्तर : दोष दोन्हींत नाही. बहिणीच्या आणि तुमच्या त्रासाला आपण 'खाज' हा एकच शब्द वापरतो, एवढाच काय तो घोटाळा आहे. त्वचेतून मज्जासंस्थेकडे निरोप नेणारी रसायने दोघींच्या बाबतीत वेगवेगळी आहेत आणि तुमची गोळी त्यांपैकी एकाच निरोप्याला अडवते.

गांधी उठतात तेव्हा काय होते ते आधी पाहू. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामिन भरलेल्या बारीक पुड्या असतात. काही कारणाने त्या पुड्या फुटल्या की हिस्टामिन भोवतालच्या रक्तवाहिन्या सैल करते, त्यातून लाल फुगीर गांध उठते. आणि तेच हिस्टामिन जवळच्या मज्जातंतूंच्या टोकांवर असलेल्या 'एच-१' या रिसेप्टरला, म्हणजे त्या निरोपासाठीच बनलेल्या कुलपाला, जाऊन बसते. कुलूप उघडले की तंतूत विद्युत संदेश निर्माण होतो आणि आपला हात त्या जागेकडे जातो. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही औषधे हे 'एच-१' कुलूप अडवून ठेवतात. बहिणीच्या त्रासात बहुतेक काम हिस्टामिनच करत असल्यामुळे तिला गोळी लागू पडते.

इसबाची गोष्ट निराळी आहे. तिथे त्वचेचा वरचा थर भेगाळलेला असतो, त्या थरातल्या पेशी 'टीएसएलपी' नावाचे प्रथिन सोडतात आणि गोळा झालेल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-१३ आणि इंटरल्युकिन-३१ ही प्रथिने सोडतात. पूर्वी अशी समजूत होती की ही प्रथिने केवळ दाह निर्माण करतात आणि खाज त्या दाहाच्या मागोमाग येते. आता हे कळले आहे की या प्रथिनांसाठीची कुलपे खुद्द मज्जातंतूंवरही आहेत. म्हणजे रोगप्रतिकारक पेशी मज्जासंस्थेशी मध्यस्थाविना बोलतात. भरीस भर म्हणून प्रथिने चिरणारी विकरे आहेत. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूची वस्ती बहुधा दाट असते आणि त्याचे 'व्ही-८' नावाचे विकर मज्जातंतूवरील 'पार-१' हा रिसेप्टर थेट चेतवते, असे 2023 साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. या साऱ्या वाटांवर हिस्टामिनचे नावही नाही.

हिस्टामिनविना किती तीव्र खाज सुटू शकते याचा नमुना हवा असेल, तर खाजकुइलीची आठवण करावी. त्या वेलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, तरीही हिस्टामिनने उठते तशी गांध तिथे उठत नाही आणि हिस्टामिनविरोधी गोळीचा उपयोग फारसा होत नाही. त्या लवेत म्युक्युनेन नावाचे प्रथिने चिरणारे विकर असते आणि ते 'पार-२' व 'पार-४' या रिसेप्टरांना चेतवते, हे 2008 साली स्पष्ट झाले. हिवतापावरील क्लोरोक्वीन या औषधाने काही रुग्णांना, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या लोकांना, जी असह्य खाज सुटते तिचीही वाट हिस्टामिनची नाही. तिच्यासाठी 'एमआरजीपीआर' नावाच्या रिसेप्टरांचे एक वेगळे कुटुंब आहे, असे 2009 साली दाखवून देण्यात आले.

आता तुमच्या सुस्तीबद्दल. हिस्टामिन मेंदूतही असते आणि तिथे ते आपल्याला जागे ठेवण्याचे काम करते. हिस्टामिनविरोधी जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात, म्हणून त्यांनी गाढ झोप येते. सेटिरिझिन कमी प्रमाणात शिरते, तरी काहींना गुंगी जाणवतेच. इसबाच्या रुग्णाला अशा गोळीने रात्री बरे वाटते, तेव्हा पुष्कळदा खाज कमी झालेली नसते, खाजवणारा झोपलेला असतो. हा फरक रुग्णाला समजावून सांगितला जात नाही याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण वयस्कर माणसांत जुन्या गोळ्यांमुळे गोंधळलेपणा येतो आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

तुमच्यासाठी उपाय आहेत. त्वचा सतत स्निग्ध ठेवणे आणि दाह कमी करणारे मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात व सांगितलेले दिवस लावणे, हा पाया आहे आणि तो कच्चा असेल तर पुढचे काहीही टिकत नाही. त्याने भागले नाही तर इंटरल्युकिन-४ व १३ यांची वाट बंद करणारे ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन आहे. त्याला अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळाली. इंटरल्युकिन-३१ चे कुलूप अडवणाऱ्या नेमोलिझुमॅबला तिथे 2024 साली मान्यता मिळाली. याच निरोपांची पेशीच्या आतील साखळी तोडणाऱ्या 'जॅक' प्रतिबंधक गोळ्याही आहेत, मात्र त्या सुरू करण्यापूर्वी आणि नंतर रक्ततपासण्या कराव्या लागतात. तुम्हाला यांपैकी काय योग्य ते तपासणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे.

प्रश्न : खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले होते. ते अजून खरे मानले जाते का?

उत्तर : नाही, पण तुमच्या शिक्षकांना दोष देऊ नये. विसाव्या शतकाचा मोठा भाग हाच समज प्रचलित होता : तंतू तेच, संदेश क्षीण असला की खाज, तीव्र असला की वेदना. त्यावर पहिला आक्षेप साध्या निरीक्षणातून येतो. वेदना झाली की आपण अवयव मागे घेतो, खाज सुटली की हात त्या जागी नेतो. जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी 1660 मध्ये केलेली व्याख्या आजही वापरली जाते, ती याच कारणाने : खाजवण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना. दुसरा आक्षेप औषधांचा. मॉर्फिन वेदना शमवते आणि खाज मात्र वाढवू शकते. दोन्ही एकाच धाग्याची लहानमोठी रूपे असती तर असे घडले नसते.

1997 साली माणसाच्या त्वचेतील एकेका तंतूतून विद्युत संदेश टिपून असे दाखवण्यात आले की काही 'सी' तंतू हिस्टामिनला दीर्घकाळ प्रतिसाद देतात आणि तो प्रतिसाद खाजेच्या अनुभवाशी जुळतो. हे तंतू बारीक आणि आवरणहीन असतात. त्यांतला संदेश सेकंदाला साधारण एक मीटर या संथ गतीने जातो. घोट्यावर सुटलेल्या खाजेला पाठीत पोहोचायलाच सेकंदभर लागतो, तेवढ्यात स्पर्शाचा संदेश कितीतरी वेळा जाऊन पोहोचलेला असतो.

खरी उकल झाली ती मज्जारज्जूत. त्वचेतून आलेला तंतू तिथे संपतो आणि पुढच्या चेतापेशीला निरोप द्यायचा तर रसायनच लागते. 2007 साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात झोउ-फेंग चेन यांच्या गटाला असे आढळले की गॅस्ट्रिन-रिलीजिंग पेप्टाइड या रसायनाचा रिसेप्टर नसलेले उंदीर खाजवतात कमी, पण वेदनेला मात्र नेहमीसारखेच प्रतिसाद देतात. दोन वर्षांनी त्याच गटाने हा रिसेप्टर असलेल्या मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट केल्या, तेव्हा खाज जवळजवळ नाहीशी झाली आणि वेदना जागेवर राहिली. नाव 'गॅस्ट्रिन' आहे, कारण या पेप्टाइडची ओळख आधी जठराच्या संदर्भात झाली होती. निसर्ग एकच रसायन अनेक कचेऱ्यांत कामाला लावतो आणि नाव मात्र पहिल्या कचेरीचे राहते. 2013 मध्ये आणखी एक असाच पाहुणा सापडला. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे आणि हृदयविकाराच्या निदानासाठी मोजले जाणारे 'बीएनपी' हे पेप्टाइड खाजेच्या तंतूंतूनही मज्जारज्जूत सोडले जाते आणि ज्या उंदरांत ते नव्हते ते बहुतेक खाजकारक पदार्थांना दाद देईनासे झाले. या दोन पेप्टाइडांमधील क्रम नेमका कसा यावर संशोधकांत वाद झाले आहेत आणि ग्लुटामेट हा मज्जासंस्थेतला सर्वसामान्य निरोप्याही या टप्प्यावर काम करतो. त्यामुळे 'खाजेचे एकच रसायन सापडले' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : लोकरीचा स्वेटर किंवा अंगावरून चालणारी मुंगी यांनी सुटणारी खाजही रसायनांचीच का?

उत्तर : त्वचेत तिची सुरुवात स्पर्शाने होते. मज्जारज्जूत मात्र न्यूरोपेप्टाइड-वाय हे रसायन असलेल्या काही चेतापेशी हलक्या स्पर्शाचे खाजेत रूपांतर होऊ नये म्हणून पहारा देतात. 2015 साली उंदरांत हे पहारेकरी काढून टाकले तेव्हा मामुली स्पर्शानेही ते खाजवू लागले, पण हिस्टामिनसारख्या रसायनांच्या खाजेत फरक पडला नाही. म्हणजे ही वाट स्वतंत्र आहे.

प्रश्न : खाजवले की स्वर्गसुख मिळते आणि पाच मिनिटांनी दुप्पट खाज सुटते. आई म्हणते, 'मनावर ताबा ठेव.' हा खरेच मनाचा प्रश्न आहे का?

उत्तर : तुमच्या आईंचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यांनी तुमच्यावर सोपवलेले काम फार अवघड आहे, कारण खाजवणे ही स्वतःच एक रासायनिक घटना आहे आणि ती निदान तीन मजल्यांवर घडते.

नखाने त्वचा ओरबाडली की किंचित वेदना होते. तो वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पोहोचला की तिथल्या काही चेतापेशी खाजेच्या वाटेवर बांध घालतात. त्यासाठी त्या ग्लायसिन आणि गॅबा ही संदेश दाबणारी रसायने वापरतात आणि त्यांच्यापैकी काही डायनॉर्फिन हे शरीरातच बनणारे अफूच्या जातीचे रसायनही सोडतात. थंड पाण्याची पट्टी किंवा मेंथॉलचे मलम यांनी आराम पडतो, त्यातही या पेशींचा वाटा आहे. मेंदूत त्याच वेळी बक्षिसाची जाणीव देणारी केंद्रे जागी होतात, म्हणून ते स्वर्गसुख. इथवर सारे ठीक असते.

पण वेदना झाली म्हटल्यावर मेंदू ती शमवण्यासाठी मज्जारज्जूकडे सेरोटोनिन पाठवतो. 2014 साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की हे सेरोटोनिन गॅस्ट्रिन-रिलीजिंग पेप्टाइडला प्रतिसाद देणाऱ्या त्याच चेतापेशींना अधिक तल्लख करते. वेदनेसाठी पाठवलेली मदत खाजेच्या पदरात पडते. तिसरा मजला त्वचेचा. खाजवल्याने चेतलेले वेदनातंतू आपल्या टोकांतून 'सबस्टन्स पी' सोडतात. हे रसायन 1931 पासून माहीत आहे आणि ते दोन्हीकडे काम करते : मज्जारज्जूत संदेश पुढे नेते आणि त्वचेत मास्ट पेशींना चेतवते. 2025 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या उंदरांना खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात कॉलर घातली होती त्यांच्या त्वचेला सूज आणि दाह स्पष्टपणे कमी आढळला. खाजवणाऱ्या उंदरांत सबस्टन्स पी आणि मूळचे ॲलर्जीचे कारण या दोघांनी मिळून मास्ट पेशींना दुहेरी चेतवले होते. गंमत अशी की त्याच अभ्यासात खाजवण्याने त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस जिवाणू कमी झाल्याचेही दिसले, म्हणजे ही सवय प्राण्यांत का टिकली असावी याचा एक धागा तिथे मिळतो. ज्याचे इसब चिघळले आहे त्याने मात्र या धाग्याला लोंबकळू नये.

सबस्टन्स पी चा रिसेप्टर अडवला की प्रश्न सुटेल, असे बऱ्याच जणांना वाटले होते. तशी औषधे बनली, लहान चाचण्यांत बरी वाटली आणि त्यांपैकी सेरलोपिटंट मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरले नाही. एक वाट बंद केली तरी बाकीच्या उघड्या राहतात, हे त्यातून दिसले.

व्यवहारात एवढे करावे : नखे कापलेली ठेवावीत, खाज सुटताच ओरबाडण्याऐवजी त्या जागी थंड ओली पट्टी ठेवावी किंवा तळहाताने दाबून धरावे आणि मलम खाज सुटल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळी लावावे. आईंना हेही सांगावे की रात्री खाज वाढते त्यात मनाचा कमकुवतपणा नसतो. रात्री शरीरातील कॉर्टिसॉल हे दाह आवरणारे संप्रेरक कमी झालेले असते, त्वचा उबदार होते, तिच्यातून पाणी अधिक निघून जाते आणि लक्ष वेधायला दुसरे काही उरत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचे डायलिसिस चालू आहे. त्यांच्या अंगावर पुरळ नाही, तरी रात्रभर पाठ खाजवतात. डॉक्टरांनी गाबापेंटिन दिले. माहितीपत्रकात ते फिट्स येण्यावरचे औषध असल्याचे वाचून आम्ही घाबरलो आणि गोळी बंद केली.

उत्तर : कृपया डॉक्टरांशी बोला, ती गोळी विचारपूर्वक दिलेली दिसते. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत खाज सुटते तेव्हा त्वचा कोरडी असते हे खरे, पण मूळ बिघाड बराचसा मज्जासंस्थेत असतो. गाबापेंटिन चेतापेशींच्या टोकांशी असलेल्या कॅल्शियमच्या दारांना जोडले जाते आणि त्यामुळे ग्लुटामेट व सबस्टन्स पी यांसारखे निरोपे कमी प्रमाणात बाहेर पडतात. फिट्समध्ये आणि खाजेत उपयोगी पडणारा गुण हा एकच आहे. हे औषध मूत्रपिंडांतूनच बाहेर टाकले जात असल्याने डायलिसिसच्या रुग्णाला अगदी कमी मात्रा, बहुधा डायलिसिस झाल्यानंतर, दिली जाते. म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. फार गुंगी, अडखळती चाल किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर लगेच कळवावे.

याच आजारात आणखी एक तर्क मांडला जातो. शरीरात अफूवर्गीय रसायनांसाठी अनेक प्रकारचे रिसेप्टर आहेत. त्यांपैकी 'म्यू' चेतला की खाज वाढते आणि 'कप्पा' चेतला की कमी होते. डायलिसिसच्या रुग्णांत हा तोल 'म्यू'च्या बाजूला झुकत असावा, असे मानले जाते. 'कप्पा'ला चेतवणारे नाल्फुराफिन जपानमध्ये 2009 पासून वापरात आहे आणि डायलिसिसच्या अखेरीस शिरेतून देण्याच्या डायफेलिकेफालिनला अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळाली. दुसरे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे अफूवर्गीय औषधांविषयी वाटणारी व्यसनाची धास्ती त्याच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही.

पुरळाशिवाय सर्वांगाला सुटणारी आणि सहा आठवड्यांहून अधिक टिकणारी खाज असलेल्या इतर वाचकांनी मूत्रपिंडांबरोबर यकृत, थायरॉइड, लोह आणि रक्तपेशी यांची तपासणी करून घ्यावी. वजन घटणे, ताप किंवा रात्री घामाने भिजणे सोबत असेल तर ती लांबवू नये. घरातील दोघातिघांना एकदमच रात्री खाज सुटत असेल, तर मज्जासंस्थेच्या आधी खरजेचा विचार करावा.

प्रश्न : सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शननंतर माझे नाक आणि चेहरा प्रचंड खाजत होता. पुढच्या वेळी मला मॉर्फिनची ॲलर्जी आहे असे सांगू का?

उत्तर : घडलेले अवश्य सांगावे, 'ॲलर्जी' हा शब्द मात्र भूलतज्ज्ञांवर सोडावा. मज्जारज्जूभोवती दिलेले मॉर्फिन तिथल्या 'म्यू' रिसेप्टरांना चेतवते आणि बाळंतिणींत तर ही खाज फारच आढळते. नाक आणि चेहरा ही तिची नेहमीची ठिकाणे आहेत. गांधी, सूज, धाप असे काही नसेल तर ती ॲलर्जी नसण्याची शक्यता अधिक. ॲलर्जीची नोंद एकदा कागदावर चढली की पुढे गरज असताना चांगले वेदनाशामक नाकारले जाते, म्हणून शब्द जपून वापरावा. हिस्टामिनविरोधी औषध इथे फारसे कामाचे नाही. त्रास असह्य असेल तर 'म्यू' रिसेप्टर अडवणारे नालोक्झोनसारखे औषध अल्प मात्रेत देतात.

प्रश्न : कपाळावर नागीण होऊन गेली. फोड वाळून वर्ष झाले. ती जागा बधिर आहे, तरीही तिथेच खाज सुटते. बधिर जागा खाजते कशी?

उत्तर : नागिणीच्या विषाणूने त्या भागातले बरेच मज्जातंतू मारले आहेत, म्हणून स्पर्श कळत नाही, उरलेले तंतू आणि ज्यांना आता खालून नीट निरोपच येत नाहीत अशा वरच्या चेतापेशी कारण नसताना आपणहून संदेश पाठवत राहतात, म्हणून खाज जाणवते. त्वचेत रोग नसल्याने मलमे आणि हिस्टामिनविरोधी गोळ्या इथे निरुपयोगी ठरतात. गाबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा त्वचेवर लावायचे लिडोकेन यांचा विचार मज्जाविकारतज्ज्ञ करतील.

तुमच्या बाबतीत एका गोष्टीची मला औषधापेक्षा अधिक काळजी वाटते. निरोगी त्वचेवर खाजवताना वेदना कुठे थांबायचे ते सांगते. तुमच्या कपाळावर ती सांगणारे तंतूच उरलेले नाहीत. अशाच अवस्थेतील एका स्त्रीने खाजवता खाजवता कवटीचे हाड भेदल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. त्यामुळे झोपण्यापूर्वी ती जागा मऊ पट्टीने झाकावी, हातात सुती मोजे घालावेत आणि रोज सकाळी आरशात पाहून जखम झालेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी.